पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची

"कट!"

सातव्यांदा 'कट' झालं आणि हायस्कूलच्या मैदानात घातलेल्या त्या खोट्या मांडवातली सगळी माणसं सातव्यांदा माझ्या वडिलांकडे बघायला लागली.

आबांच्या ओठांना क्लॅरोनेट तसंच होतं. गाल अजून पुरते उतरले नव्हते. त्यांच्यामागे ढोलावरचे नामाकाका टिपरू वर धरून उभे होते, आणि ट्रम्पेटवाला रजाक आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून मांडवाच्या झालरी मोजत होता.

सिनेमाचे डायरेक्टर देवस्थळी म्हणून होते. पुण्याचे, हडकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज कधी चढायचा नाही. ते खुर्चीवरून उठून चालत चालत आबांपर्यंत आले.

"मास्तर, 'सावधान' झाल्यावर आपलं काय करायचं ठरलं होतं?"

"गप ऱ्हायाचं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"वाजीवलं."

"अहो, पण का?"

आबांनी क्लॅरोनेट काखेत धरलं आणि शाळेत छडी खायला करावेत तसे दोन्ही हात पुढे केले. "सायेब, मला समदं कळतंय. पर हातच ऐकत न्हाईत."

सगळा मांडव हसला. वऱ्हाडी म्हणून बसवलेलं आमचं गावच होतं ते, त्याला हसायला निमित्तच हवं होतं. हसला नाही तो एकच माणूस. पहिल्या रांगेत, अबोली रंगाचा फेटा बांधून, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेले गेजगे गुरुजी. माझे होणारे सासरे.

सिनेमाचं नाव 'पोहे झाले गार'. मुलगी बघायला आलेला नवरदेव चुकून शेजारच्या घरात शिरतो आणि तिथल्याच मुलीवर भाळतो, अशी त्याची गोष्ट. सात गाणी, चार मावश्या आणि शेवटी दोन लग्नं. आता तो अधूनमधून दुपारी टीव्हीवर लागतो. माझी सून स्वयंपाकघरातून हाक मारते, "आई, तुमचा सिनेमा लागला!" माझा कसला? त्यात मी कुठेच नाही. नायिकेच्या पोलक्यांना माझ्या हातची शिवण आहे, तेवढी मात्र आहे.

पण लग्नाचा प्रसंग आला की तुम्ही नीट बघा. आधी पहिल्या रांगेत फेटा बांधलेले गुरुजी दिसतात. मग नायिकेचा चेहरा दिसतो. परत मांडव दिसतो तेव्हा ती खुर्ची रिकामी असते. असल्या चुका हुडकणारे हुशार लोक असतात, ते म्हणतात डायरेक्टरचं लक्ष नव्हतं. लक्ष होतं. ती खुर्ची माझ्यामुळे रिकामी झाली.

आबांचे हात का ऐकत नव्हते ते आधी सांगते. लग्न लागताना शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, की त्याच क्षणाला वाजंत्री कडाडली पाहिजेत. त्या घटकेला मांडवात कुणी शिंकतं, कुणाचं पोर रडतं, कुणी सोयरा मानपानावरून कुरकुरत असतो. असला एकही आवाज नवरानवरीच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. बँड असतो तो त्यासाठी. 'सावधान' आणि पहिला सूर यांच्यामधून सुईसुद्धा जाता कामा नये, असं आबा म्हणायचे. तीस वर्षांत हजारभर लग्नं वाजवली असतील त्यांनी, एकदाही ती फट पडू दिली नाही.

आणि सिनेमावाल्यांना नेमकी ती फटच हवी होती. अक्षता पडल्यावर मांडव एकदम शांत व्हायचा आणि त्या शांततेत नायिकेने म्हणायचं, "थांबा! मला हे लग्न करायचं नाही!" म्हणजे जो आवाज दाबून टाकायला आमच्या सात पिढ्या फुंकत आल्या, तोच सगळ्यांना ऐकू जावा म्हणून आबांनी गप्प राहायचं. बिचारे हात तरी काय करतील!

"आवाज आम्ही नंतर भरतो, तो काढूनही टाकता येईल," देवस्थळी कळवळून म्हणाले. "पण मास्तर, तुमचे फुगलेले गाल मी कसे पुसू?"

गुरुजी हसले नाहीत त्याला वेगळं कारण होतं.

त्यांचा मुलगा अंकुश एसटी डेपोत कामाला होता आणि डेपोसमोर माझं शिवणाचं मशीन होतं. एके दिवशी तो पँट आखूड करायला घेऊन आला. आठ दिवसांनी तीच पँट परत. अजून थोडी आखूड करायची म्हणे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच. मी म्हटलं, "आता हिची चड्डी व्हायची वेळ आली."

"मग पुढच्या वेळी काय आणू?" त्याने विचारलं.

"तुमच्या वडलांना आणा," मी म्हटलं.

आणि त्याने खरोखरच आणलं.

दोन्ही घरं तशी एकाच मुळाची, वाजवणाऱ्यांची. गुरुजींचे वडील बापू गेजगे म्हणजे माणदेशातले नावाजलेले सनईवाले. आबा पोरवयात त्यांच्याच ताफ्यात शिकले. गुरुजीही तेव्हा त्या ताफ्यात असायचे, सूर धरायला. मुख्य सनई गात असते तेव्हा दुसऱ्याने एकच स्वर न तोडता फुंकत राहायचं, त्याला सूर धरणं म्हणतात. पुढे गुरुजी शिकले, मास्तर झाले, हेडमास्तर होऊन निवृत्त झाले, आणि वाजवण्याचं त्यांनी नावसुद्धा टाकलं. आबांना ते 'श्रीपतराव' म्हणायचे, आणि तेही क्वचितच.

आमच्या घरी आले तेव्हा पोहे खाऊन, हात पुसून त्यांनी सरळच सांगितलं.

"मुलगी पसंत आहे. देण्याघेण्याचा प्रश्नच नाही. माझी एकच अट आहे, श्रीपतराव. लग्नात तुम्ही वाजवायचं नाही. आणि लग्नानंतर, शक्य असेल तर, अजिबातच नाही."

आत आईच्या हातातलं उलथनं थांबलं.

"का वो, गुरुजी?" आबांनी विचारलं.

"का ते तुम्हाला माहीत आहे. वाजंत्र्यांची पंगत कधी बसायची? सगळं गाव जेवून उठल्यावर. मांडवाच्या मागं, उष्ट्या पत्रावळींच्या शेजारी. नऊ वर्षांचा होतो मी. दिवसभर सूर धरून पोटात आग पडलेली असायची आणि पानात यायची ती तळाला लागलेल्या भाताची खरवड. त्या पंगतीतून उठायला मला चाळीस वर्षं लागली. माझ्या मुलाच्या लग्नात माझे व्याही तिथंच जाऊन उभे राहिलेले मला बघवणार नाहीत."

आबाही त्याच पंगतीत त्यांच्या शेजारी बसलेले होते.

"बरं," आबा म्हणाले. "पोरीपरास काय क्लॅरोनेट मोठं न्हाई. सिनेमावाल्यांस्नी सबुद दिलाय, तेवढं काम करतो. मग ठिवतो पेटीत."

मी दाराआड उभी होते. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. मला अंकुश हवा होता, आणि ही गोष्ट मी आजही लपवत नाही.

चार दिवसांनी गुरुजींनी लग्नपत्रिकेचा मसुदा पाठवला. काय अक्षर होतं त्यांचं! वळणदार, एकसारखं, फळ्यावर चाळीस वर्षं घोटलेलं. त्यात लिहिलं होतं, 'वधूपिता श्री. श्रीपती ऐवळे, व्यापारी.'

"मी गं कशाचा व्यापारी?" आबांनी आईला विचारलं.

"वाऱ्याचा," आई म्हणाली. "जलमभर वारंच फुकलंसा न्हवं?"

आम्ही तिघंही हसलो. मग आबा क्लॅरोनेट पुसायला बसले. दोनदा पुसून झालं तरी तिसऱ्यांदा पुसत बसले.

शूटिंगच्या दिवशी गुरुजी येतील असं आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं. पण लग्नाच्या मांडवात पुढे बसायला भारदस्त माणसं हवी होती. कंपनीचा माणूस शाळेत चौकशी करत गेला आणि शाळेने गुरुजींचं नाव सांगितलं. पहिल्या रांगेची खुर्ची, डोक्याला फेटा. गुरुजी खुशीत आले, बसले, आणि समोर बघतात तर आबांचा ताफा.

तर सातवा 'कट' झाला होता. नायिका वसुंधराबाई मुंडावळ्या सोडून शाळेच्या व्हरांड्यात चहा प्यायला गेल्या. ऊन चढलं होतं आणि त्यांचं डोकं धरलं होतं.

"बाईंना त्रास नको," देवस्थळी म्हणाले. "बँडची नुसती तालीम घेऊ. कुणालाही उभं करा त्यांच्या जागी."

मी मांडवाच्या खांबापाशी सुईदोरा घेऊन बसले होते. बाईंच्या पोलक्याचा हूक तुटला होता तो लावून नुकतीच मोकळी झाले होते. देवस्थळींच्या असिस्टंटने इकडेतिकडे बघितलं आणि बोट माझ्याकडे केलं.

"ताई, तुमची उंची बरोबर आहे. जरा उभ्या राहा."

मी उभी राहिले. कुणीतरी बाईंच्या मुंडावळ्या माझ्या कपाळाला बांधल्या, हातात हार दिला. मागे बसलेल्या सारजाआत्या ओरडल्या, "अगं, लगीन लागायच्या आदी मुंडावळ्या बांधू न्हाईत!" दुसरी कुणीतरी म्हणाली, "सिनेमातल्या हायत त्या, आत्या, त्येंला काय हुतंय!" पुन्हा हशा झाला. समोर अंतरपाट धरला गेला. पलीकडे नवरदेवाच्या जागी कानावर विडी अडकवलेला लाइटवाला उभा होता. मलाही हसू आवरत नव्हतं.

जोशीकाकांनी मंगलाष्टक सुरू केलं. ते आमच्या गावातलेच, खरी लग्नं लावणारे, त्यामुळे खोट्या लग्नातही त्यांचा आवाज खरा लागत होता. अंतरपाटाच्या कडेने मला आबा दिसत होते. आतापर्यंत ते क्लॅरोनेटच्या तोंडाशी असते ती पत्ती नीट करण्यात गुंतले होते. त्यांनी मान वर केली आणि मला बघितलं. कपाळाला मुंडावळ्या, हातात हार.

"शुभमंगल सावधान!"

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या.

काहीच वाजलं नाही.

मांडवात इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मागे कुणाचं तरी पोर रडलं, ते मला ऐकू आलं. कुणीतरी शिंकलं, तेही ऐकू आलं. सारजाआत्या शेजारणीला पुटपुटल्या, "अशुभ वाटतंय गं बाई," तेसुद्धा स्पष्ट माझ्या कानावर आलं. आबा क्लॅरोनेट खाली करून उभे होते. नामाकाकांचं टिपरू वरच्या वर राहिलं होतं. सकाळपासून सात वेळा न ऐकलेले हात आता अगदी गुमान ऐकत होते.

"वा!" देवस्थळींनी टाळी वाजवली. "मास्तर, हेच! हेच पाहिजे मला! आता कसं जमलं?"

"जमलं न्हाई, सायेब," आबा म्हणाले. "पोरगी हुबी हाय न्हवं तितं. तिच्या लग्नात वाजवायचं न्हाई, असा सबुद दिलाय मी."

तक्रार म्हणून नाही बोलले ते. साहेबांनी विचारलं, त्यांनी सांगितलं, एवढंच. पण मांडवात कुणी हसलं नाही.

मला लाज वाटली. आबांची नाही, माझी. हजार पोरींच्या कानावर त्यांनी वेडावाकडा शब्द पडू दिला नव्हता. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी असे हात सोडून उभे. हे असंच वैशाखात, माझ्या लग्नात, खरोखर होणार होतं, आणि तेव्हाही मी अशीच उभी राहणार होते, कारण दाराआड मी गप्प बसले होते.

"थांबा," मी म्हटलं.

"ताई, तुम्हाला डायलॉग नाही," असिस्टंट म्हणाला.

"डायलॉग नाही म्हणत मी." मी हार खाली ठेवला आणि पहिल्या रांगेकडे वळले. "गुरुजी, माझ्या लग्नात आबा वाजवतील. सावधान झालं की पहिला सूर त्यांचाच. तुम्हाला ते चालत नसलं तर मी अंतरपाटामागं उभीच राहणार नाही."

"शालन! गप!" आबा ओरडले.

"गपच हुते, आबा. दाराआड गपच हुते. आता वाजवा."

"अगं, कुणाम्होरं वाजवू?"

"माझ्याम्होरं. मुंडावळ्या बांधल्यात, अक्षता पडल्यात. किती मोटी फट पडलीया बघा की! वाजवा."

आबांनी एकदा गुरुजींकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि क्लॅरोनेट वर उचललं.

त्या दिवशी त्यांनी बँडचा नेहमीचा तुकडा वाजवला नाही. बापू गेजगे सावधान झाल्यावर सनईवर वाजवायचे तो वाजवला. वरच्या स्वरावर एकदम उभा राहणारा आणि मग तिथून मुरक्या घेत, कुणाची घाई नसल्यासारखा खाली उतरणारा. आबा तो घरी कधीतरी वाजवायचे. मांडवात, माणसांपुढे, मी पहिल्यांदाच ऐकत होते. नामाकाकांनी ढोल धरला, रजाक मागून आला. रडणारं पोर ऐकू येईनासं झालं. पुटपुटणाऱ्या आत्या ऐकू येईनाशा झाल्या. मला माझंच रडणं ऐकू येत नव्हतं, तर इतरांना काय येणार! माझा बाप काय वाजवतो हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षी, सिनेमातल्या खोट्या मुंडावळ्या बांधून कळलं. माझी छाती अशी भरून आली होती की पोलक्याचा हूक तुटला असता तरी मला पत्ता लागला नसता.

गुरुजी उभे राहिले. ओठ गच्च आवळलेले, नाकपुड्या फुललेल्या. रागानेच, असं मी धरून चालले. तुकडा अजून चालूच होता आणि ते वळून मांडवाबाहेर चालू लागले. कंपनीचा कपडेपटवाला त्यांच्यामागे धावला, "अहो आजोबा, फेटा! फेटा कंपनीचा आहे!" त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

पुढचा प्रकार तुम्हाला माहीत आहे, कारण तो सिनेमात आहे. वसुंधराबाई चहाचा कप हातात घेऊनच मांडवात आल्या.

"देवस्थळी, त्यांना गप्प करू नका," त्या म्हणाल्या. "मी थांबा म्हणणार आणि बँड वाजतच राहणार. कुणाला ऐकूच जाणार नाही. मग मी काय करेन?"

देवस्थळींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मास्तरांच्या हातातून क्लॅरोनेट काढून घ्याल."

आठव्या वेळी कॅमेरा सुरू झाला. बाई चार वेळा ओरडल्या, चारही वेळा बँडने त्यांना गिळलं. मग त्या तरातरा आल्या आणि आबांच्या तोंडातून क्लॅरोनेट ओढून घेतलं. आबांना कुणी काय बोलायचं ते सांगितलंच नव्हतं. ते खरोखरच चिडून म्हणाले, "अवो बाई, अक्षता पडल्यावर वाजंत्री थांबत नसत्यात!"

"मास्तर, लग्न माझं आहे!" बाई म्हणाल्या.

पुढे थिएटरात याच जागेला शिट्ट्या पडायच्या. तिथे मांडव दिसतो, आणि पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी.

घरी येऊन मी पोटभर रडले. सोयरीक मोडली हे मला दिसत होतं. आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "रडतीस कशाला आता? बापावर गेलीस, दुसरं काय." आबा पहिल्या दिवशी म्हणाले, "पोरी, असं चारचौघांत बोलाय नगं हुतं." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पर बोललीस झ्याक."

तिसऱ्या दिवशी दुपारी अंकुश दारात उभा राहिला. अंगात तीच घोट्याच्या वर गेलेली पँट, एका हातात इस्त्री केलेला अबोली फेटा, दुसऱ्या हातात पाकीट.

"फेटा कंपनीला पोचवा म्हणाले. आणि हे तुमच्या आबांना."

"काय म्हणाले गुरुजी?"

"काही नाही. तीन दिवस तोंड मिटून एकच स्वर गुणगुणतायत. आई म्हणते, घरात भुंगा शिरलाय."

तेव्हा मला ते आवळलेले ओठ आठवले. गुरुजी मांडवात सूर धरून उभे होते. चाळीस वर्षांनी, सनईशिवाय, नुसत्या नाकाने.

"आज सकाळी मात्र बोलले," अंकुश म्हणाला. "म्हणाले, बापूंचा तुकडा बापूंबरोबर गेला असं धरून चाललो होतो मी."

"आणि तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

त्याने खाली पँटकडे बघितलं. "या पँटीत मला दुसरी कोण पसंत करणार आहे?"

आबांनी पाकीट फोडलं. पत्रिकेचा मसुदा होता, नव्याने, सबंध पान पुन्हा लिहून काढलेला. मी खांद्यावरून वाकून वाचलं. 'वधूपिता श्री. श्रीपती ऐवळे, बँडमास्तर.' आबांनी तो शब्द बोटाने पुसून बघितला, शाई ओली आहे का म्हणून. मग कागदाची घडी करून क्लॅरोनेटच्या पेटीत ठेवली. ती अजून तिथेच आहे.

वैशाखात लग्न झालं. जोशीकाकांचंच मंगलाष्टक. कन्यादानाला माझे काकाकाकू बसले, कारण माझ्या बापाचे हात मोकळे नव्हते. 'सावधान' झालं, आणि त्यानंतर मांडवात कोण रडलं, कोण शिंकलं, कोण काय पुटपुटलं, ते मला आजतागायत माहीत नाही. सुई जायलासुद्धा जागा नव्हती.

पण मला सांगायची आहे ती त्यानंतरची गोष्ट. पानं मांडून झाली होती. शाळाखात्यातले मोठे साहेब हात धुऊन रुमालाला पुसत उभे होते. गावची मानाची मंडळी आपापली जागा हेरत होती. तेवढ्यात गुरुजी मांडवाच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसे खणखणीत बोलले.

"पहिल्या पंगतीला वाजंत्री बसतील."

कुजबुज झाली. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. ताफ्यातल्या नऊ जणांपैकी एकही पानाकडे सरकला नाही. रजाक तर सवयीने मांडवाच्या मागच्या बाजूला निघाला होता, त्याला नामाकाकांनी सदऱ्याला धरून परत आणला. आबा हात जोडून पुढे आले.

"गुरुजी, मी पोरीचा बाप हाय. पाव्हणं जेवल्याबिगर मी पानावर बसलो तर लोक काय म्हणतील?"

"व्याही बसतील मागून," गुरुजी म्हणाले. "मास्तर आत्ता बसतील."

नऊ जण बसले. पहिल्या रांगेत, मांडवाच्या तोंडाशी, सगळ्या गावादेखत. ताफ्यातले सगळे नजर खाली करून बसले होते, आबा एकटे ताठ. गुरुजींनी धोतराचा सोगा खोचला, भाताची बादली स्वतःच्या हातात घेतली आणि नामाकाकांपासून वाढायला सुरुवात केली. मी हळदीच्या अंगाने, अंकुशच्या शेजारी उभी राहून बघत होते. आबांच्या पानापाशी आल्यावर गुरुजी खाली वाकले.

"शिरपा," ते म्हणाले. बापूंच्या ताफ्यातलं, लहानपणचं नाव. "पोटभर जेव. वरातीला वाजवायचंय."

"पोट भरल्यावर फुंकाय येत न्हाई, गुरुजी," आबा म्हणाले. "तुमास्नी ठावं हाय की."

गुरुजींनी त्यांच्या पानात अजून एक मूद घातली आणि तिच्यावर वरण ओतलं.

"मग थोडं जेव," ते म्हणाले. "पण आधी जेव."